मुलांचा 'कल' आणि बाजाराचा कल

महाराष्ट्रात २०१६ सालापासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' शासनामार्फत घेतली जात असे. विद्यार्थ्याला कृषी, कला, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक इत्यादी क्षेत्रांपैकी कशाची ओढ आहे हे प्रश्नावलीवरून ठरवून त्याच्या हाती तसा अहवाल दिला जाई. हेतू वाईट नव्हता. परंतु त्या साऱ्या खटाटोपामागे एक गृहीत होते. 'कल' ही मुलाच्या अंगी आधीपासूनच वसत असलेली वस्तू असून तापमापकाने ताप मोजावा तशी ती मोजता येते, असे ते गृहीत. ताप कशाने आला, हा प्रश्न मात्र तापमापक कधीच विचारीत नाही.

आज देशाच्या कोणत्याही प्रांतात बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला पुढचा बेत विचारला, तर दहांपैकी निदान निम्म्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो: कॉम्प्युटर. आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिल्या १०० क्रमांकांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी गेली कित्येक वर्षे मुंबई आयआयटीच्या संगणक शाखेचीच निवड करीत आले आहेत. निरनिराळ्या भाषांच्या, निरनिराळ्या घरांतल्या इतक्या तल्लख मुलांचा जन्मजात कल नेमका एकच असावा, आणि तोही एकाच संस्थेच्या एकाच शाखेकडे असावा, हे निसर्गाचे मोठेच नवल म्हणावे लागेल! ह्या मुलांपैकी अनेकांनी शाळेत एकही आज्ञावली स्वतः लिहिलेली नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे हे नवल आणखीच वाढते. त्यांची निवड विषयाची नव्हे, वेतनाच्या आकड्याची असते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या समाजात सन्मानाने जगण्याच्या वाटा मोजक्या असतात, तेथे गर्दी एकाच वाटेवर होणार. पण ह्या गर्दीला 'आवड' हे नाव देऊन जे लोक निश्चिंत होतात, त्यांच्याशी भांडण मांडणे अगत्याचे आहे.

आवड घडविली जाते, आणि ती घडविण्यात शिक्षणाच्या पद्धतीचा वाटा किती मोठा असतो, ह्याचा एक सुस्पष्ट पुरावा खुद्द अमेरिकेत मिळतो. तेथे १९८० च्या दशकाच्या मध्यास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होते. पुढील पंचवीस वर्षांत ते घसरत घसरत १८ टक्क्यांच्या घरात आले. ह्या काळात अमेरिकन मुलींच्या मेंदूत काही बिघाड झाला नव्हता. घडले ते असे की घरगुती संगणक बाजारात आला आणि त्याचा खप व्हावा म्हणून कंपन्यांनी तो 'मुलग्यांचे खेळणे' म्हणून विकला. विद्यापीठांत येणारी मुले घरीच थोडेबहुत शिकून येऊ लागली, प्राध्यापक तेच गृहीत धरून शिकवू लागले, आणि ज्या मुलींना घरी यंत्राला हात लावू दिला नव्हता त्या पहिल्याच सत्रात 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून बाहेर पडू लागल्या. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षात मुलींचे प्रमाण अवघे ७ टक्के होते. तेथील अध्यापकांनी प्रवेशाच्या वेळी पूर्वानुभवाला दिले जाणारे महत्त्व कमी केले, ज्यांनी कधी आज्ञावली लिहिली नव्हती त्यांच्यासाठी आरंभीचे वेगळे वर्ग काढले, आणि हे यंत्र समाजाच्या कोणत्या कामी येते तेही शिकवावयास घेतले. २००० साली तेच प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. मुली त्याच होत्या, विषयही तोच होता. बदलला तो दरवाजा.

दरवाजाचा हा प्रश्न भारतात निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या रीतीने सोडविला गेला, आणि दर वेळी त्यातून वेगळ्या प्रकारचा तरुण बाहेर पडला.

कानपूर ते कॉम्प्युटर क्लास

१९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हे यंत्र आले. अमेरिकेच्या मदतीच्या योजनेतून ते आले होते आणि त्या मदतीमागील राजकारण काय होते हे निराळे सांगावयास नको. पण त्या यंत्राभोवती कुंपण घातले गेले नाही, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. प्रा. व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोड्या दिवसांचे अभ्यासवर्ग घेतले, बाहेरच्या संस्थांतील शिक्षकांना व संशोधकांना बोलावून फोरट्रान शिकविले, आणि पुढे स्वस्त किंमतीची क्रमिक पुस्तके लिहिली. खेड्यापाड्यांतून आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष यंत्र पाहण्याआधी ही पुस्तके वाचली. १९८० च्या दशकाच्या आरंभी एमसीए हा अभ्यासक्रम निघाला, त्याच्या आखणीतही राजारामन ह्यांचा प्रमुख वाटा होता. अभियांत्रिकीचा उंबरठा ओलांडू न शकलेल्या पदवीधरांना त्याने ह्या क्षेत्रात येण्याची वाट करून दिली. सार्वजनिक संस्थेत, सरकारी खर्चाने आणि कमी शुल्कात जे घडू शकते ते असे.

शाळांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शालेय संगणक साक्षरतेची 'क्लास' नावाची योजना काढली. निवडक शाळांना ब्रिटनहून आलेल्या बीबीसी मायक्रो यंत्रांचे संच देण्यात आले. एकविसाव्या शतकाच्या घोषणा त्या काळी रोजच्या वर्तमानपत्रांत झळकत होत्या. योजनेत यंत्रे होती, पण शिक्षकाचा स्वतंत्र पेशा नव्हता. संचासोबत आलेला मजकूर इंग्रजी होता. आणि गणिताच्या वा भूगोलाच्या तासाशी त्या यंत्राचा संबंध जोडण्याचे काम कोणाचेच नव्हते. अनेक शाळांत ते यंत्र पाहुण्यांना दाखविण्याची वस्तू बनले.

सरकारने रिकामी ठेवलेली ही जागा बाजाराने भरून काढली. १९८० च्या दशकापासून शहरोशहरी खाजगी संगणक वर्ग निघाले आणि १९९० नंतर तर तालुक्याच्या बसस्थानकासमोरही त्यांच्या पाट्या लागल्या. सोयाबीनच्या पैशांतून, आईच्या पाटल्या गहाण ठेवून शुल्क भरले गेले. २००० सालच्या 'वाय-टू-के' नावाच्या दुरुस्तीच्या कामाने जुन्या कोबोल भाषेला काही काळ सोन्याचे दिवस आणले. ते काम संपताच ती भाषा शिकवणारे वर्गही एका रात्रीत दुसरी भाषा शिकवू लागले. ह्या शिक्षणाचा मूळ धर्मच असा की विद्यार्थ्याला विषय द्यावयाचा नाही, परदेशी गिऱ्हाईकाला त्या वर्षी जे हत्यार हवे असेल तेवढे द्यावयाचे. त्यातून हजारो कुटुंबे दारिद्र्यातून बाहेर आली हे खरे आहे, आणि ते नाकारणाऱ्याने त्या घरांत जाऊन ते सांगून पाहावे. परंतु ज्या तरुणाला हत्यार मिळाले आणि विद्या मिळाली नाही, त्याचे भवितव्य त्या हत्याराच्या आयुष्याएवढेच असते.

एकाच यंत्राच्या दोन शाळा

आज परिस्थिती आणखी पालटली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मधल्या टप्प्यापासून, म्हणजे सहावीपासून, 'कोडिंग'चे उपक्रम सुचविले. त्याच वर्षी, महामारीने शाळा बंद असताना, एका खाजगी कंपनीने सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आईबापांना असे भासविण्याचा सपाटा लावला की आता कोडिंग न शिकणारे मूल मागे पडलेच म्हणून समजा. जाहिरातीतल्या बालकाच्या दारात भांडवल गुंतवणारे एकमेकांशी मारामारी करीत होते! जाहिरात मानक परिषदेने कान उपटल्यावर त्यांतील काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. जाहिराती गेल्या, भीती मात्र घराघरांत राहिली.

वस्तुस्थिती काय आहे? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात सुमारे ४ टक्के आणि शहरी भागात सुमारे २३ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. २०२३-२४ च्या सरकारी शालेय आकडेवारीप्रमाणे देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. ह्या आकड्यांत शिक्षक आहे की नाही, वीज किती तास असते, ह्यांचा हिशेब नाही.

ह्यातून दोन शाळा उभ्या राहतात. एका शाळेतला विद्यार्थी केंद्रीय मंडळाच्या अकरावीत पायथन भाषेत स्वतः आज्ञावली लिहितो, नववीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय घेऊ शकतो, आणि यंत्र काय करू शकते हे विचारण्याऐवजी यंत्राकडून काय करून घ्यावे हे विचारावयास शिकतो. दुसऱ्या शाळेतला विद्यार्थी दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कोपा'ला जातो, किंवा महाराष्ट्रात असेल तर एमएस-सीआयटीचा वर्ग लावतो. २००१ साली सुरू झालेल्या ह्या वर्गाने गावोगावच्या लक्षावधी लोकांची यंत्राची भीती घालविली. मराठीतून संगणक हाताळता येतो हे दाखविले. चाळिशीतल्या शिक्षिका आणि तलाठी त्यातून गेले. त्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याचा शेवट कोठे होतो? लिपिकाच्या अर्जाला जोडावयाच्या प्रमाणपत्राशी. मजकूर टंकित करणे, तक्ता भरणे, ठळक अक्षरे करणे. म्हणजे एकाला यंत्राचा कर्ता बनविले जाते आणि दुसऱ्याला यंत्राचा वापरकर्ता. बारा वर्षांनी दोघांना विचारले तर पहिला सांगेल की मला संशोधनाची आवड आहे, आणि दुसरा सांगेल की मला ऑपरेटरची नोकरी चालेल. ह्यालाच पुढे 'कल' म्हणावयाचे!

ह्या एकाच वाटेवरच्या गर्दीने दुसरीकडे जी पोकळी निर्माण केली आहे तिची चर्चा फारशी होत नाही. गेल्या दशकात देशभरच्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्य व यंत्र शाखांच्या जागा रिकाम्या राहिल्या, कित्येक ठिकाणी त्या शाखाच बंद झाल्या, आणि तीच दालने संगणकाच्या नव्या तुकड्यांना देण्यात आली. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने सुस्थितीतील महाविद्यालयांसाठी शाखानिहाय जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांना ह्याहून गोड बातमी कोणती असणार? यंत्र शाखेला कार्यशाळा लागते, लेथ लागते, वंगण लागते, अनुभवी कारागीर लागतो. संगणकाला एक खोली आणि वातानुकूलन पुरते, असा त्यांचा हिशेब. ज्या देशात धरणांच्या भिंती तपासावयाच्या आहेत, सांडपाण्याची यंत्रे बनवावयाची आहेत जेणेकरून माणसाला गटारात उतरावे लागू नये, त्या देशात ह्या विद्या शिकणारा वर्ग ओस पडत जावा ही किरकोळ बाब नव्हे.

बरे, ज्या वाटेवर ही गर्दी झाली तेथे तरी अन्न शिजते आहे काय? मोठ्या संगणकसेवा कंपन्यांत नवशिक्या अभियंत्याला मिळणारे वार्षिक वेतन दीड दशकात तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळले; महागाई मात्र रेंगाळली नाही. जुलै २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या संगणकसेवा कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. आता तर साधी आज्ञावली यंत्रच लिहून देते. चार वर्षे कर्ज काढून जे हत्यार शिकले, ते हाती येण्यापूर्वीच बोथट होण्याची ही वेळ आहे. अशा वेळी 'नवी कौशल्ये आत्मसात करा' हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. उपदेश फुकट असतो, नवे कौशल्य पुन्हा शुल्क भरूनच मिळते.

डाव्या व कामगार चळवळीनेही येथे स्वतःच्या हिशेबाची वही उघडून पाहणे योग्य ठरेल. १९६० च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणकाविरुद्ध जो लढा दिला, त्याची टिंगल करण्याची फॅशन झाली आहे. त्या लढ्याचा प्रश्न रास्त होता: यंत्र येणार तर कोणाच्या कामासाठी, आणि कोणाच्या पोटावर? १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनाशी करार करून हाच प्रश्न वाटाघाटीच्या मेजावर आणला, आणि संगणकीकरण काही अटींवर स्वीकारले. कचेरीच्या दाराशी हा प्रश्न ठणकावून विचारला गेला. शाळेच्या दाराशी मात्र तो तितक्या जोराने विचारला गेला नाही. संगणक शिकणे म्हणजे सुखवस्तूंच्या मुलांची चैन, असे काही काळ आपल्याकडेही मानले गेले, आणि तोवर बाजाराने आपले दुकान थाटले.

वास्तविक समाजवादी देशांतील अनुभव येथे उपयोगी पडण्यासारखा होता. सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई येर्शोव ह्यांनी १९८१ साली 'प्रोग्रॅमिंग ही दुसरी साक्षरता' हा विचार मांडला आणि १ सप्टेंबर १९८५ पासून सोव्हिएत संघाच्या माध्यमिक शाळांत ह्या विषयाचा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. यंत्रे पुरेशी नव्हतीच. पुष्कळ शाळांत मुलांनी कागद-पेन्सिलीवर आज्ञावल्या लिहिल्या. त्याची त्या काळी थट्टा झाली आणि काही अंशी ती योग्यही होती, कारण पोहणे काठावर बसून शिकता येत नाही. परंतु येर्शोव ह्यांचे म्हणणे निराळे होते. वाचता-लिहिता येणे जसे लेखक होण्यासाठी नसते, तसे कामाची रीत नेमकेपणाने मांडता येणे हे प्रोग्रॅमर होण्यासाठी नसून नागरिक होण्यासाठी असते. त्यांनी शाळेसाठी जी आज्ञावलीची भाषा योजली तिचे शब्द रशियन होते, आणि ते पाठ्यपुस्तक संघातील इतर प्रजासत्ताकांच्या भाषांतही निघाले.

केरळची शाळा

भारतात ह्याच्या सर्वांत जवळ गेलेले राज्य केरळ. तेथे २००१-०२ च्या सुमारास 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा एका बड्या परदेशी कंपनीच्या मालकीच्या आज्ञावलीवरच अभ्यासक्रम बेतण्याचा घाट होता. शिक्षकांच्या संघटनेने आणि मुक्त आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांनी त्याला आक्षेप घेतला. मुलाला विशिष्ट दुकानाचे गिऱ्हाईक बनविण्यासाठी सरकारने पैसे का मोजावेत, हा त्यांचा साधा सवाल होता. हळूहळू राज्याच्या शाळा मुक्त लिनक्सवर गेल्या आणि दहावीची संगणक परीक्षाही त्यावरच होऊ लागली. ह्यात परवान्याचे पैसे वाचले हा फायदा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की जी आज्ञावली उघडून पाहता येते, बदलता येते, ती मुलाला 'हे कोणीतरी बनविले आहे, म्हणजे मलाही बनविता येईल' असे सांगते. बंद पेटी असे काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. केरळने बाहेरून कंत्राटी 'कॉम्प्युटर सर' आणून विषय उरकला नाही. गणित, समाजशास्त्र, मल्याळम् शिकविणाऱ्या शाळेतल्याच शिक्षकांना शिकविले. पाठ्यपुस्तके मल्याळम्‌सोबत इंग्रजी, तामीळ आणि कन्नडमध्येही काढली, कारण सीमेवरच्या मुलांचीही एक भाषा असते. २०१७ साली प्रकल्पाचे रूपांतर 'काइट' ह्या सरकारी कंपनीत झाले आणि २०१८ पासून माध्यमिक शाळांत 'लिटल काइट्स' ही विद्यार्थ्यांची मंडळे निघाली. आठवी ते दहावीची मुले-मुली त्यांत चलचित्रे बनवितात, यंत्राची दुरुस्ती करतात, विजेची छोटी उपकरणे जोडतात, मल्याळम्‌मध्ये संगणकावर काम करतात. २०२२ मध्ये ह्याच मुलांनी 'अम्मा अरियान' ह्या उपक्रमात आपल्या आयांना ऑनलाइन फसवणुकीपासून कसे वाचावे ते शिकविले. २०२५ पासून दहावीच्या सर्व मुलांना यंत्रमानवशास्त्राचा भाग अभ्यासावा लागतो. निवडक 'हुशार' मुलांना नव्हे, सर्वांना.

काजू कारखान्यात काम करणाऱ्या आईला तिची चौदा वर्षांची मुलगी वर्गासमोर उभी राहून मोबाइलमधील धोका समजावून सांगते, तेव्हा त्या मुलीच्या मनात कोणता 'कल' तयार होत असेल? ती पुढे शिक्षिका होईल, परिचारिका होईल, अभियंता होईल किंवा वार्ताहर होईल. कोणत्याही पेशात ती यंत्रापुढे मान खाली घालून उभी राहणार नाही. संगणकशिक्षणाचा तरुणांच्या आवडीवर परिणाम व्हावा तो असा: एका पेशाकडे सर्वांना हाकून नेणारा नव्हे, अनेक पेशांत ज्ञानाचा अधिकार देणारा.

येथे भाबडेपणा नको. केरळची मुलेही पुढे बंगळूरला, आखातात, युरोपात जातात, कारण शाळा आवड निर्माण करू शकते, रोजगार निर्माण करू शकत नाही. राज्याच्या तिजोरीला मर्यादा आहेत आणि केंद्राचे धोरण दुसऱ्या दिशेला तोंड करून उभे आहे. तरीही एका राज्यात सरकारी शाळेतून एवढे होऊ शकते, तर महाराष्ट्रात, मध्य प्रदेशात, तेलंगणात का होऊ नये, ह्या प्रश्नाला 'पैसे नाहीत' हे उत्तर पुरत नाही. महाराष्ट्राची तिजोरी केरळपेक्षा लहान नाही.

भाषेचा मुद्दा उरतो, आणि मराठी वाचकांना तो विशेष लागू आहे. संगणकाची विद्या मराठीत येणार नाही कारण शब्द नाहीत, असे म्हटले जाते. ज्या गणिताच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या उत्तराआधी 'रीत' लिहिली गेली, त्या भाषेला अल्गोरिदम ही कल्पना परकी कशी? दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढणारी मुलगी किती ठिपके, कोणत्या ओळीत, कोठून वळण, ह्याचा नियम मनाशी बाळगते आणि तोच नियम लहान-मोठ्या सर्व आकारांना लावते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली तामीळ घरांपुढच्या कोलमवरूनच चित्रांच्या व्याकरणाचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि ते संगणकशास्त्राच्या जागतिक अभ्यासात गणले गेले. घरच्या दारात जी विद्या आहे तिच्यापासून आरंभ केला तर मुलीला तो विषय आपला वाटतो. इंग्रजी सूचनांच्या पडद्यापुढे प्रथमच बसविले तर ती निमूटपणे कोपऱ्यात सरकते, आणि मग तिच्या अहवालात लिहिले जाते की तांत्रिक विषयांकडे कल नाही.

विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांच्या मागणीपत्रांत संगणकाचा उल्लेख आजवर बहुधा 'प्रयोगशाळेत संगणक मिळावेत' एवढ्या एका ओळीत असतो. ती ओळ अपुरी आहे. यंत्र कोणते, त्यातील आज्ञावली कोणाच्या मालकीची, शिकविणारा शिक्षक कायम की कंत्राटी, पुस्तक कोणत्या भाषेत, आणि आयटीआयच्या मुलाला ऑपरेटरच्या पुढे जाण्याची वाट खुली आहे की नाही, ह्या पाच गोष्टी त्या पत्रात आल्या पाहिजेत. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी जिल्हा परिषदांचे अंदाजपत्रक ठरते. ह्या मागण्या त्याआधी तेथे पोहोचावयास हव्यात.